वृषणाचा कर्करोग

वृषणाचा कर्करोग हा पुरुषाच्या एका किंवा क्वचित दोन्ही वृषणांत उद्भवणारा कर्करोग होय. इतर अनेक कर्करोग उतारवयात आढळतात. हा मात्र प्रामुख्याने १५ ते ४० या वयोगटात दिसतो. युरोप व उत्तर अमेरिकेच्या तुलनेत भारतात त्याचे प्रमाण कमी आहे.

प्रारंभीची लक्षणे

बहुधा पहिले लक्षण म्हणजे वृषणावर हाताला लागणारी कठीण गाठ किंवा एका बाजूची सूज. ती सहसा दुखत नाही. वृषणकोश जड वाटणे, जांघेत किंवा ओटीपोटात मंद ठणका, अचानक पाणी साठणे ही अन्य लक्षणे होत. काही रुग्णांत स्तनांना सूज येते. रोग पसरल्यावर पाठदुखी, खोकला, धाप लागणे असे त्रास संभवतात.

दोन वृषणांच्या आकारात थोडा फरक असणे व एक किंचित खाली असणे स्वाभाविक आहे. वृषणामागे लागणारी मऊ, दोरीसारखी अधिवृषण नलिकाही गाठ नव्हे.

जोखीम

जन्मतः वृषण खाली न उतरणे, वडील किंवा भावास हा रोग झालेला असणे, आणि पूर्वी दुसऱ्या वृषणाचा कर्करोग झालेला असणे यांमुळे जोखीम वाढते. मुका मार लागल्याने हा रोग होत नाही. मात्र मार लागल्यानंतर तेथे हात जातो आणि आधीच असलेली गाठ लक्षात येते.

दुर्लक्षाची कारणे

गाठ दुखत नसल्याने ती निरुपद्रवी समजली जाते. अवयवाविषयीचा संकोच, पुरुषत्व व संततीविषयीची भीती यांमुळेही रुग्ण घरात बोलत नाही. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांनी वृषणाची सूज सायकलिंगमुळे असावी असे समजून दुर्लक्षिली होती. खोकल्यातून रक्त पडल्यावर, ऑक्टोबर १९९६ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी निदान झाले, तेव्हा रोग पोट, फुप्फुसे व मेंदूपर्यंत पोहोचला होता. उपचारांनंतर ते बरे झाले.

स्वपरीक्षण

कोमट पाण्याने स्नान केल्यावर वृषणकोशाची त्वचा सैल असते. अशा वेळी प्रत्येक वृषण अंगठा व बोटांमध्ये अलगद फिरवून पाहता येते. निरोगी पुरुषांनी हे नियमित करावे की नाही, यावर वैद्यकीय संस्थांत एकमत नाही. परंतु बदल आढळल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे, याबाबत दुमत नाही. संसर्ग समजून दिलेल्या प्रतिजैविकांनी सूज न उतरल्यास पुन्हा तपासणी आवश्यक ठरते. अचानक तीव्र वेदना झाल्यास वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्यासाठी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

निदान व उपचार

सोनोग्राफी आणि रक्तातील अर्बुददर्शक घटकांची तपासणी केली जाते. संशय बळावल्यास जांघेतून छेद घेऊन बाधित वृषण काढतात. वृषणकोशातून सुईने तुकडा घेणे टाळले जाते. गरजेनुसार रसायनोपचार किंवा किरणोपचार देतात. १९७०च्या दशकात सिसप्लॅटिन हे औषध वापरात आल्यापासून पसरलेला रोगही बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ लागला.

दुसरे वृषण निरोगी असल्यास लैंगिक क्षमता व अपत्यप्राप्ती सहसा टिकून राहते. रसायनोपचारांपूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोयही उपलब्ध असते.