खिळे जुळविणारे अप्पा

महाराष्ट्रातील मुद्रणकलेचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे प्रथम मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याचे, मग १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढणाऱ्या गणपत कृष्णाजींचे आणि त्यानंतर निर्णयसागरच्या जावजी दादाजींचे नाव घेण्याचा प्रघात आहे. आणि तो यथायोग्यच आहे, कारण लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली छपाईचे खिळे घासावयास लागलेल्या त्या निर्धन मुलाने १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ साली स्वतःचा छापखाना काढून देवनागरी अक्षराला जे सौष्ठव प्राप्त करून दिले, त्याचे ऋण आपण आजही वागवीत आहोत. परंतु ह्याच परंपरेत एक वर्ग असा होऊन गेला, की ज्याच्या बोटांखालून अक्षर अन् अक्षर गेले आणि ज्याचे नाव मात्र कोणत्याही दफ्तरी लागले नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, त्या वर्गातले. पुण्यात बुधवार पेठेतील एका लहानशा छापखान्यात त्यांनी सदतीस वर्षे जुळाऱ्याचे काम केले.

इंग्रजी मजकूर जुळविणाऱ्याचे खिळे ठेवण्याच्या दोन पेट्यांत, म्हणजे केसांत, भागे. मराठीला काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या काही शेकड्यांच्या घरात जाई, व ते चार केसांत पसरलेले असत. अप्पा त्यांच्यासमोर उभे राहत, डाव्या हातात ओळ जुळविण्याची स्टिक, उजव्या हाताची बोटे केसांतल्या घरांवरून फिरत असलेली. खिळ्याच्या अंगावरील खाच बोटाला लागली, की तो कसा बसवावयाचा हे न पाहताच समजे, आणि डोळे हस्तलिखितावरच राहत. जुळविलेली ओळ उलटी दिसे व ती तशीच वाचावी लागे. ‘जन्मभर लोकांचे विचार उलटे करून वाचले,’ ते म्हणत, ‘पुष्कळदा ते तसेच जास्त पटले.’

खिळे कमी व्हावेत म्हणून लोकमान्यांनी खटाटोप केला, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचविली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती चालवूनही दाखविली. शाळेतले आमचे पंतोजी ‘अि’, ‘अु’ पाहून संतापत. अप्पांना मात्र लिपीच्या शुद्धतेशी कर्तव्य नव्हते. ‘थोर माणसांनी आमच्या हातांचा विचार केला, हे काय थोडे? तेवढीच ‘इ’च्या घरापर्यंतची प्रदक्षिणा चुकली.’

लग्नसराईत छापखान्यातले ‘श्री’ संपत आणि ‘चि. सौ. कां.’साठी दुसरा फर्मा छापून सुटण्याची वाट पाहावी लागे, ‘कै.’ मात्र बारमाही शिल्लक, अशी त्यांची तक्रार असे. छापून झालेला मजकूर सोडून एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकण्याचे काम सर्वांनाच कंटाळवाणे वाटे. अप्पा ते आवडीने करीत, कारण, त्यांच्या शब्दांत, ‘ग्रंथकाराने दहा वर्षे खपून रचलेले तत्त्वज्ञान आम्ही बुधवारपर्यंत पुन्हा बाराखडीत नेऊन ठेवतो.’

लोक अप्पांच्या ह्या विनोदाला समाधान समजत. मला ते तसे वाटत नाही. खिळ्यांतले शिसे बाधू नये म्हणून रोज घरून निघताना गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्या, आणि पगार मुदतीवर न झाल्यास वाण्याच्या दुकानावरून न जाता मागल्या बोळाने घरी येणाऱ्या माणसाला आपल्या स्थितीची पुरेपूर जाण होती; त्याने फक्त तिची चर्चा घरात होऊ दिली नाही. दिवाळी अंकांच्या दिवसांत ते रात्री बाराला येत, नखांत शाई घेऊन. एकदा ताटावर बसता बसता आईला म्हणाले, ‘आज चकलीची कृती जुळविली. बाईंचे मोहन घालायचेच राहिले आहे, किती घालू?’ आईने प्रमाण सांगितले, अप्पांनी ते प्रूफ पाहणाऱ्या मास्तरांच्या कानावर घातले आणि त्यांच्या संमतीने त्या वर्षी एका अंकातली चकली आमच्या आईच्या मापाने तळली गेली. हे संपादकांना कळले नसावे. कळले असते तर अप्पांची कानउघाडणी झाली असती.

१८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. जुळाऱ्याविषयी त्यात अक्षर नव्हते. अप्पांनी जुळविलेल्या पुस्तकांपैकी अकरा माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकावर मुद्रक म्हणून छापखान्याच्या मालकांचे नाव आहे, आणि ती ओळ दर खेपेस अप्पांनीच जुळविलेली आहे.