आसनाची बढती आणि बदललेली वही

पंगतींत पाट कोठें मांडला यावरून रुसवेफुगवे होतात. दरबारांत बैठक कितवी यावरून घराण्यांचीं वैरें झालेलीं आहेत. तेव्हां विमानांतील खुर्चीवरून तंटे व्हावे यांत नवल नाहीं. विमानाच्या पुढच्या भागांत प्रशस्त आसनांचा वरचा वर्ग असतो. त्यांतील न विकलेल्या जागा मागच्या वर्गांतील नित्याच्या प्रवाशांस जादा भाडें न घेतां देण्याचा प्रघात अमेरिकन कंपन्यांनीं पाडला. त्यास ‘अपग्रेड’ म्हणतात. मराठींत बढती म्हटलें तर अर्थ नेमका उतरतो. वरवर पाहतां ही चैनीची बाब. परंतु २०१२ सालीं तिच्यापायीं एका बलाढ्य कंपनीच्या शब्दावरील लोकांचा विश्वास डळमळला. तो वृत्तान्त समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

प्रवाशांची नोंद प्रथम कागदावर होत असे. अमेरिकन एअरलाइन्सच्या कचेरींत प्रत्येक उड्डाणाची एक पत्रिका असे, आणि फिरत्या मांडणीभोंवतीं बसलेले कारकून तिच्यावर खुणा करून जागा राखीत. विमानें वाढलीं तशी ही पद्धत अपुरी पडूं लागली. १९५३ सालीं कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांची लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानांत आयबीएमच्या ब्लेअर स्मिथ नांवाच्या विक्रेत्याशीं गांठ पडली. आडनांवाच्या योगायोगानें बोलणें वाढलें, आणि त्यांतूनच पुढें ‘सेबर’ ही संगणकयंत्रणा जन्मास आली. १९६४ पर्यंत कंपनीचें सारें आरक्षण तिच्याकडे गेलें. युनायटेड कंपनीनेंही १९७१ सालीं ‘अपोलो’ ही आपली यंत्रणा चालू केली. कागदाची वही जाऊन विजेची वही आली.

१९७८ सालीं अमेरिकन सरकारनें भाडीं व मार्ग यांवरील नियंत्रण उठविलें. स्पर्धा माजली. गिऱ्हाईक टिकवावें कसें या विवंचनेंतून १९८१ च्या मे महिन्यांत प्रथम अमेरिकन एअरलाइन्सनें व लागलीच युनायटेडनें प्रवाशांचे मैल मोजून बक्षीस देण्याच्या योजना काढल्या. पुढें प्रवाशांच्या पायऱ्या ठरल्या. ज्याचे वार्षिक मैल अधिक, त्याचा बढतीचा मान त्या काळीं आधीं असे. यादी लावतांना पायरी, भाड्याचा दर्जा, मागणीची वेळ असे निकष पाहिले जातात. वरच्या पायरीच्या मनुष्यास बढती प्रस्थानापूर्वी कांहीं दिवस आधींच मिळूं शकते. खालच्यास आदल्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागते. ही उतरंड कोणा कारकुनाच्या ध्यानांत नसते, ती यंत्राच्या पोटांत असते. आणि वर्षाकांठीं लाख मैल हिंडणारा मनुष्य तिच्याच भरंवशावर तिकिटें काढीत असतो.

२०१० च्या १ ऑक्टोबरला युनायटेड व कॉन्टिनेंटल या कंपन्या एक झाल्या. दोन वह्या ठेवणें परवडणारें नव्हतें. नांव युनायटेडचें राहिलें; वही मात्र कॉन्टिनेंटलची, ‘शेअर्स’ नांवाची, पत्करण्यांत आली. ३ मार्च २०१२ रोजीं एका झटक्यांत पालट झाला. त्याच मुहूर्तावर दोन्ही बक्षीसयोजनाही एकत्र केल्या गेल्या. म्हणजे यंत्र, नियम आणि पायऱ्यांचीं नांवें हीं तिन्ही एकदम बदललीं.

मग जें व्हावयाचें तें झालें. विमानतळावरील स्वयंचलित यंत्रें अडलीं, रांगा लागल्या, दूरध्वनीवर लोक ताटकळले. जुन्या युनायटेडच्या कारकुनांस सोप्या चित्रमय पडद्याची संवय होती. त्यांस आतां सांकेतिक अक्षरें टाइप करून काम उरकावें लागे. बढतीच्या यादीविषयीं तर तक्रारींचा पाऊस पडला. मागितलेली बढती नव्या नोंदींत उतरली नाहीं, पुढें खुर्च्या रिकाम्या असतां यादी हलेना, खालच्या पायरीचा मनुष्य आधीं पुढें गेला, असें प्रवासी सांगत. त्यांतच कंपनीचे वित्ताधिकारी जॉन रेनी यांनीं कांहीं प्रवाशांस पूर्वी फाजील हक्क मिळाले होते, अशा आशयाचे उद्गार काढले. जखमेवर मीठच तें. त्या वर्षीं प्रवासीसंख्येच्या मानानें युनायटेडविरुद्ध सरकारकडे गेलेल्या तक्रारींचें प्रमाण मोठ्या कंपन्यांत सर्वांत अधिक ठरलें.

दोष केवळ यंत्राचा म्हणावा काय? नांव, तारीख, उड्डाण हीं कोणत्याही वहींत उतरतात. परंतु बढतीची मागणी म्हणजे ‘जागा उरली तर आणि तुझा क्रम लागला तर’ असें सशर्त वचन होय. हा क्रम जुन्या वहीच्या चालीरीतींत गुंतलेला असतो. वही बदलली कीं तो नव्यानें लावावा लागतो. कंपनीच्या बाजूनें म्हणतां येईल कीं, ही मेहेरबानी होती, विकलेली वस्तु नव्हती. तें खरें, पण नेमानें दिलेली व जाहिरातींतून घोषिलेली मेहेरबानी कालांतरानें हक्काचें रूप घेते. मानपानाच्या वतनांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

असा पालट निर्विघ्न होतच नाहीं, असें मात्र नव्हे. २००७ च्या मार्चमध्यें यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट यांच्या वह्या एक करतांनाही असाच गोंधळ उडाला होता. त्या वेळचे प्रमुख डग पार्कर हेच पुढें अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख झाले. यूएस एअरवेजची वही मिटण्याची पाळी आली तेव्हां त्यांच्या कंपनीनें घाई केली नाहीं. १७ ऑक्टोबर २०१५ नंतरचीं तिकिटें सुमारें तीन महिने आधींपासूनच नव्या वहींत विकण्यांत आलीं. पालटाच्या दिवशीं जुन्या वहींतून उतरवून घ्यावयाचें फारसें उरलेंच नाहीं. आपल्याकडे विस्तारा कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हांही त्या तारखेपुढील विक्री सप्टेंबरच्या आरंभापासूनच एअर इंडियाकडे वळविली होती.

दुकानाचा मालक बदलला तरी जुन्या गिऱ्हाइकाची उधारी आणि जमा दोन्ही नव्या चोपडींत उतरावीं, ही आपल्या बाजारपेठेची जुनी रीत आहे. उधारी उतरविण्यास कोणी विसरत नाहीं. जमेची बाजू तितक्याच काळजीनें उतरते कीं नाहीं, यावरूनच पेढीची पत ठरते.