विकलेला गेम परत घेतला जाईल!

दुकानात गल्ल्याच्या मागे एक पाटी असते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आपल्याकडे ही पाटी इतकी ठरलेली आहे की ती दिसली नाही तर दुकानाचं उद्घाटन अजून व्हायचंय की काय अशी शंका यावी. गंमत म्हणजे माल सदोष असेल तर या पाटीला कायद्यात काडीची किंमत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरायचे. पण पाटी आहे ना! ती वाचून आपण मुकाट्याने घरी जातो. पाटीचं कामच ते.

तर मंडळी, या वीकांताला अशाच एका पाटीची गोष्ट. ही पाटी भिंतीवर नव्हती. 'आय ॲग्री'च्या वर जो लांबलचक मजकूर असतो (आणि जो आपण कधीच वाचत नाही), त्यात ती लपलेली होती. माल होता व्हिडिओ गेम. आपल्यापैकी कोणी गेम खेळो न खेळो, पण आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी ही गोष्ट वाचायला हवी. कारण अर्धवट सॉफ्टवेअर बाजारात सोडलं की त्याची किंमत कोण भरतो, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

जरा मागे जाऊ. सुरुवातीचे घरगुती गेम कार्ट्रिजवर यायचे. कार्ट्रिज म्हणजे चिप. एकदा त्यावर कोड उतरला की विषय संपला. पॅच नाही, अपडेट नाही, काही नाही. १९८२ च्या नाताळासाठी अटारीने 'ई.टी.' हा गेम काढला. तो हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरने साधारण पाच आठवड्यांत लिहिला, कारण नाताळ काही पुढे ढकलता येत नव्हता. (डेडलाइन आधी आणि एस्टिमेट नंतर, ही प्रथा किती जुनी आहे बघा!) खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा आणि वैतागायचा. लाखो कार्ट्रिजेस खपलीच नाहीत किंवा परत आली. १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा ही कार्ट्रिजेस खरोखरच निघाली.

आता दुसरं उदाहरण, जे मला जास्त आवडतं. १९९८ चा डिसेंबर, बंजी नावाची अमेरिकन कंपनी, गेम 'मिथ २'. सीड्या छापून झाल्या होत्या, खोकी दुकानांच्या वाटेला लागली होती. आणि शेवटच्या क्षणी कळलं की गेम नेहमीच्या फोल्डरऐवजी भलतीकडे इन्स्टॉल केला आणि मग अनइन्स्टॉल केला, तर तो आपल्याबरोबर हार्ड डिस्कवरचं बाकीचंही साफ करू शकतो! असं किती जण करणार? फार थोडे. पण बंजीने सगळा माल परत बोलावला. खर्च सुमारे ८ लाख डॉलर. छोट्या कंपनीसाठी ही रक्कम जीवघेणी होती. तरी त्यांनी ती सोसली, कारण त्या काळात विकलेल्या सीडीतला बग घरोघरी जाऊन दुरुस्त करायची खात्रीची सोयच नव्हती.

मुद्दा लक्षात आला ना? बग महाग होता, म्हणून तो बाहेर पडायच्या आधी लोक घाबरायचे. (घाबरून सगळेच सुधारायचे असं नाही. त्या काळातही भयंकर गेम बाजारात आलेच. आणि बहुतेक दुकानदार सील फोडलेलं खोकं परत घ्यायचे नाहीत. कॉपी करून आणलं असेल तर? त्यामुळे फार तर तोच गेम बदलून मिळायचा. म्हणजे तोच बग, नव्या खोक्यात.)

मग घरोघरी इंटरनेट आलं आणि गणित उलटं झालं. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं. सुरुवातीचा उद्देश आपल्या गेम्सना आपोआप अपडेट पोचवणं हा होता, पुढे ते पीसी गेम्सचं सगळ्यात मोठं दुकान झालं. सोय उत्तम. पण या सोयीने कंपन्यांच्या कानात एक मंत्र फुंकला: 'आत्ता सोडू, नंतर पॅच देऊ.' बग दुरुस्त करायचा खर्च कमी झाला ही चांगलीच गोष्ट. पण बग घेऊन बाजारात जाण्याचा खर्चही जवळजवळ शून्य झाला, कारण पैसे पहिल्याच दिवशी जमा होत होते आणि परत करायचे नव्हते. स्टीमच्या अटींमध्ये साफ लिहिलेलं असायचं की कायद्याने भाग पाडल्याशिवाय पैसे परत मिळणार नाहीत. हीच ती पाटी. पॅच येईपर्यंतचे महिने गिऱ्हाईकाने काढायचे, आणि वर टेस्टिंगही त्यानेच फुकटात करून द्यायचं!

ही पाटी उतरवायला पुढे आली ऑस्ट्रेलियाची ग्राहक संस्था, एसीसीसी. म्हणजे स्पर्धा आणि ग्राहक यांच्यावर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी खातं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिने व्हॉल्व्हवर केस टाकली. ऑस्ट्रेलियात २०११ पासून लागू असलेल्या ग्राहक कायद्याप्रमाणे विकलेली वस्तू धड चालली पाहिजे ही हमी कायद्यातच आहे. विक्रेत्याला ती अटींमध्ये लिहून काढून टाकता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या 'वस्तू'च्या व्याख्येत कॉम्प्युटर सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख आहे.

व्हॉल्व्हचा बचाव वाचण्यासारखा होता. एक, आमचा करार अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने चालतो. दोन, आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही. तीन, आम्ही वस्तू विकतच नाही, सेवा देतो. आता बोला! तिथे २० लाखांहून जास्त खाती, तिथल्या लोकांकडून पैसे, तिथे ठेवलेले सर्व्हर. पण धंदा नाही! मार्च २०१६ मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्ती एडलमन यांनी निकाल दिला की सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे, धंदा ऑस्ट्रेलियातलाच आहे, आणि परतावा मिळणारच नाही असं गिऱ्हाइकाला सांगणं ही दिशाभूल आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. व्हॉल्व्ह अपिलात गेली, २०१७ मध्ये हरली. २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने (ते त्यांचं सर्वोच्च न्यायालय) पुढचं अपील ऐकायलाच नकार दिला.

एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे चणे-फुटाणे. पण केस कोर्टात उभी असतानाच, २ जून २०१५ ला, स्टीमने जगभरासाठी नवा नियम जाहीर केला होता: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करा. कारण काहीही असो. प्रतिस्पर्धी ईएने आपल्या ओरिजिन दुकानात अशी सोय २०१३ मध्येच सुरू केली होती, पण तिथे ती मुख्यतः ईएच्या स्वतःच्या गेम्सना होती. स्टीमवर सगळं गावच होतं.

या नियमाची परीक्षा तीनच आठवड्यांत झाली. २३ जून २०१५ ला 'बॅटमॅन: आर्कम नाइट' आला. प्लेस्टेशनवर उत्तम. पीसीवर मात्र चांगल्या दणकट मशीनवरही अडखळत होता, आणि वेग सेकंदाला ३० फ्रेम्सवर बांधून ठेवलेला. पूर्वी लोकांनी शिव्या घातल्या असत्या आणि पॅचची वाट बघितली असती. या वेळी त्यांनी शिव्याही घातल्या आणि पैसेही परत मागितले. दोन दिवसांच्या आत वॉर्नर ब्रदर्सने पीसी आवृत्तीची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीला, आणि तरीही तक्रारी संपेनात, म्हणून वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेला असला तरी पूर्ण पैसे परत द्यायचं कंपनीने जाहीर केलं.

पुढचं प्रकरण तुम्ही गेम खेळत नसलात तरी ऐकलं असेल. 'सायबरपंक २०७७', पोलंडची सीडी प्रोजेक्ट कंपनी. २०१२ मध्ये घोषणा, २०२० मध्ये तीनदा पुढे ढकलणं, आणि शेवटी १० डिसेंबर २०२०. रिलीजच्या आधीच ८० लाख ऑर्डर्स. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली होती. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर काय अवस्था आहे हे लोकांना कळलं ते पैसे गेल्यावर. धूसर चित्रं, मध्येच बंद पडणं, हवेत तरंगणाऱ्या गाड्या. चौथ्या दिवशी कंपनीने माफी मागितली आणि सांगितलं, नको असेल तर पैसे परत घ्या, आधी सोनी किंवा मायक्रोसॉफ्टकडे मागा. सोनीचा नियम असा की डाउनलोड सुरू केलं की परतावा नाही, सदोष असेल तरच. (याच पाटीसाठी सोनीच्या युरोपातल्या उपकंपनीला जून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियन कोर्टाने ३५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. पुन्हा तीच एसीसीसी!) सुरुवातीला अनेकांना सोनीकडून नकार मिळाला. मग १८ डिसेंबरला सोनीने पैसे परत द्यायला सुरुवात केली आणि गेमच दुकानातून काढून टाकला. तो परत आला २१ जून २०२१ ला. तब्बल सहा महिने!

सीडी प्रोजेक्टने स्वतःच्या खिशातून साधारण ३०,००० प्रतींचे पैसे परत केले, खर्च सुमारे २२ लाख डॉलर. सोनी आणि मायक्रोसॉफ्टकडून गेलेले परतावे वेगळेच. त्या वर्षी विकल्या गेलेल्या १ कोटी ३७ लाख प्रतींपुढे हे ३०,००० म्हणजे काहीच नाही. पण शेअर गडगडला, गुंतवणूकदारांनी अमेरिकेत दावा लावला आणि तो साडेअठरा लाख डॉलरवर मिटला.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. डिसेंबरच्या त्या गोंधळात कंपनीच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांपुढे कबूल केलं की तीनदा तारीख पुढे गेल्यावर आमचं सगळं लक्ष रिलीजवर होतं आणि जुन्या कन्सोलसाठी आणखी वेळ हवा असल्याच्या इशाऱ्यांकडे आम्ही काणाडोळा केला. जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इव्हिन्स्की यांनी व्हिडिओत सांगितलं की दोष टीमला देऊ नका, निर्णय आमचा होता. म्हणजे इशारे होते! कोणीतरी टेस्टरने, कोणीतरी डेव्हलपरने ते दिले होते. रात्री जागून काम करणारे तेच, आणि इंटरनेटवर शिव्या खाणारेही तेच. हे चित्र ओळखीचं वाटतंय की नाही?

परताव्याचा हक्क म्हणजे रामबाण नव्हे, हेही खरं. 'सायबरपंक'मध्येच पीसीवर एक बग होता. सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची. एवढी मोठी फाइल व्हायला कितीतरी तास खेळावं लागतं, तिथे दोन तासांचा नियम काय कामाचा? उलट बाजूने, ज्यांचा गेमच दोन तासांत संपतो त्या छोट्या निर्मात्यांचं काय? 'समर ऑफ ५८' या छोट्या भयकथा-गेमच्या निर्मात्याने २०२१ मध्ये जाहीर केलं की लोक गेम संपवतात, चांगला अभिप्राय देतात आणि पैसे परत घेतात, म्हणून आपण गेम बनवणं थांबवतोय. बडी कंपनी पाडायला काढलेल्या नियमात असा एखादा एकांडा माणूसही सापडतो.

तरीही मी या नियमाच्याच बाजूने आहे, आणि तेही गिऱ्हाईक म्हणून कमी, सॉफ्टवेअरवाला म्हणून जास्त. आपण बग लिहितो, त्याला 'क्रिटिकल' लावतो, मीटिंगमध्ये तो 'नेक्स्ट रिलीज'ला जातो. त्या क्षणी आपल्या बोलण्याला रुपयांत किंमत नसते, आणि रिलीजच्या तारखेला असते. पैसे परत जायला लागले की त्याच बगला हिशेबाच्या वहीत ओळ मिळते. टेस्टरचं म्हणणं खरं ठरवायला मग फोरमवरची ओरड लागत नाही, आकडा पुरतो. बंजीच्या वेळी ही भीती सीडीने घातली होती. इंटरनेटने ती घालवली आणि कायद्याने थोडीफार परत आणली.

'सायबरपंक' पुढे सुधारला, २०२३ च्या २.० अपडेटनंतर त्याचं खूप कौतुकही झालं. पण ते अपडेट प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला आलंच नाही. ज्यांच्या मशीनवर सगळ्यात वाईट अवस्था होती त्यांच्यापर्यंत 'नंतर पॅच देऊ'मधलं ते मोठं 'नंतर' पोचलंच नाही. तेव्हा तुमच्या ऑफिसात पुढच्या वेळी कोणी हे वाक्य टाकलं, तर एवढंच विचारा, तोपर्यंत बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार आहे, आणि माझ्याही टेबलावर एक रिलीज आहे.