शरीफजी ते शरभेंद्र

सायखेड्याच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालू असताना दौलतराव, साहेबराव, हिंमतराव, एखादे फकीरराव अशा हाका सहज कानावर पडाव्यात. दौलत, साहेब, हिंमत, फकीर हे सगळे मूळचे अरबी शब्द. गोदाकाठी ते परके वाटावेत असं काही उरलेलं नाही. ‘शरीफराव’ अशी हाक मात्र कुणी मारत नाही. खरं तर हे नाव भोसल्यांच्या घरातलं.

परंपरा सांगते ती अशी : वेरूळच्या मालोजी भोसल्यांना बरीच वर्षं मूल नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला, दोन मुलगे झाले आणि पिराचं नाव दोघांत वाटलं गेलं. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. नवसाची गोष्ट कुणी मानो वा न मानो, नावांची जोडी बोलकी आहे. ‘शाह’ फारसी, म्हणजे राजा. ‘शरीफ’ अरबी, म्हणजे थोर, कुलीन. पैगंबरांच्या वंशजांना हा किताब लागे आणि मक्केचा कारभार कित्येक शतकं शरीफांकडेच होता. आपली ‘अशरफी’ याच गोतातली. (मुंबईचा शेरीफ या भाऊबंदकीतला नव्हे, तो इंग्रजांबरोबर आला.)

१६२४ साली नगरजवळ भातवडीला मलिक अंबरनं मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजांची दाणादाण उडवली. शरीफजी तिथेच पडले. शहाजींचं नाव पुढे घरोघर गेलं. शरीफजींचं निघालं दक्षिणेला.

शहाजीपुत्र व्यंकोजींनी तंजावरला गादी स्थापली आणि आपल्या मुलांत आजोबा नि चुलत आजोबा यांची जोडी पुन्हा जमवली : शहाजी आणि सरफोजी. मालोजी, विठोजी, तुकोजींच्या घरात ‘शरीफजी’चा ‘सरफोजी’ व्हायला कितीसा वेळ लागणार! दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वांना ठाऊक आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख कोरवून घेतला तोही त्यांनीच.

तमिळ लिपीत ‘फ’ला वेगळं अक्षर नाही, तिथे सरफोजींचे ‘सरभोजी’ झाले. पंडितांना एवढं निमित्त पुरे होतं. नरसिंहाला आवरणारं शंकराचं रूप म्हणजे शरभ. चोळांच्या देवळांत त्याच्या मूर्ती आहेत. राजा शैव, नाव ‘शरभोजी’; मग ‘शरभेंद्र’ व्हायला काय हरकत? मला ही व्युत्पत्ती चुकीची असूनही फार आवडते. पिराच्या नावाला देवळात मानाची जागा देण्याचा याहून सुबक मार्ग कुणाला सुचला असता असं वाटत नाही. याच सरफोजींवर ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य रचलं गेलं, आणि बृहदीश्वराच्या आवारात देवदासी ते नाचत असत.