जीप ते जिप्सी : वजनाचा हिशेब

मुलाबाळांना घेऊन, तंबू टाकत हिंडायचं आहे, तर कोणती फोर बाय फोर घ्यावी? निवृत्तीनंतर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, इंजिनाची ताकद आणि टपावरचं सामान. मी मात्र आधी वजन विचारतो. असं का, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

१९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिकी लष्कराला चारही चाकांना ताकद देणारी एक हलकी गाडी हवी होती. मागणी अशी होती, की गाडीचं स्वतःचं वजन १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो असावं आणि तिने ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो भार वाहावा. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. बँटम या छोट्या कंपनीने अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांना हाताशी धरून तो २३ सप्टेंबर १९४० रोजी वेळेत पोहोचवला. ५९० किलोची अट मात्र कुणालाच पाळता आली नाही. शेवटी मर्यादा २,१६० पौंडांवर, म्हणजे साधारण ९८० किलोवर आली. विलीज कंपनीचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, स्पर्धेत सर्वांत दमदार. पण गाडी जड. मग त्यांनी बोल्ट आखूड केले, पत्रा हलका केला, रंगाच्या थराचासुद्धा हिशेब धरला आणि मर्यादेत बसवली. तीच पुढे जगभर जीप म्हणून ओळखली गेली.

हा आटापिटा कशासाठी? चिखलात रुतलेली हलकी गाडी चार जवान ढकलून काढू शकतात. जड गाडीला काढायला दुसरी गाडी बोलवावी लागते, आणि ती जवळ असेलच असं नाही.

स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि जीप हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुजला. नंतर जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सान पेट्रोलवरून जोंगा तयार होऊ लागली. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेलं आहे. सहा सिलिंडर आणि जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. दणकट खरी, पण पेट्रोल पिण्यात तिचा हात कुणी धरत नसे. १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली ती अवघ्या ९७० सीसीच्या इंजिनासह. पुढे १,२९८ सीसीचं इंजिन आलं, तरी कापडी छताच्या जिप्सीचं वजन सुमारे ९८५ किलोच राहिलं. १९४० च्या त्या मर्यादेच्या किती जवळ आहे बघा! डोंगरात जिप्सीला फौजेने जीव लावला, तो या हलकेपणामुळे आणि साध्या पान्यांनी दुरुस्त होणाऱ्या यंत्रामुळे.

आता तुमच्या कुटुंबाचा हिशेब मांडू. दोन मोठे, दोन मुलं मिळून २१० किलो. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. तंबू, अंथरुणं ३० किलो, शिधा आणि स्टोव्ह २५ किलो, हत्यारं, दोर, हवेचा पंप २० किलो. बेरीज ३२५. जीपचा भार २७२ किलोचा होता! आजच्या गाड्या जास्त वाहतात हे खरं, पण किती ते माहितीपुस्तिकेत बघा. भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. लोखंडी बंपर, विंच, टपावरचा तंबू या सगळ्यांचं वजन त्याच उरलेल्या आकड्यातून जातं. टपाची मर्यादा वेगळी असते आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. जड सामान वर गेलं की गुरुत्वमध्य वर जातो. मग स्पितीच्या कललेल्या रस्त्यावर गाडी उलटायला फार मोठं कारण लागत नाही, आणि आत आपलीच माणसं बसलेली असतात.

जड वस्तू खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्यांनी बांधून ठेवा. पाण्याचा कॅनही तिथेच. त्या कॅनलाही इतिहास आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आपली चौथी भारतीय डिव्हिजन ब्रिटिशांच्या बाजूने लढली. तिथे ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळायचे आणि पेट्रोल वाळूत जायचं. जर्मनांचा २० लिटरचा कॅन दणकट. त्याला तीन मुठी, म्हणून दोघांनी मिळून एक भरलेला उचलावा किंवा एकट्याने एका हातात दोन रिकामे. ब्रिटिशांनी तो सरळ उचलला आणि शत्रूच्या टोपणनावावरून त्याला जेरीकॅन म्हटलं. जर्मन पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली काढत, इंधनाशी गल्लत होऊ नये म्हणून. तुम्हीही खूण करा, आणि इंधनाचा कॅन मुलांसोबत गाडीच्या आत कधीही ठेवू नका.

गाडी निवडताना लो रेंज आहे का ते पाहा. चढावर भरलेली गाडी सावकाश, क्लच न जाळता नेते ती हीच. खारदुंग ला १७,५०० फुटांहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, इंजिन दमतं आणि लो रेंज कामाला येते. साधी, हाताने लावायची फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा ताण यंत्रावर येतो. वाळूत टायरची हवा कमी करा, डांबर लागताच पुन्हा भरा. रुतलेली गाडी ओढताना मुलांना लांब उभं करा, कारण तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

एक नियमही ध्यानात ठेवा. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. लिलावातली जुनी जिप्सी घेतलीत, तर आधी रंग बदला. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायलाही कायद्याने मनाई आहे.

शेवटी एक काम देतो. निघण्याआधी सगळं सामान भरा, घरच्यांना बसवा आणि गाडी जवळच्या धर्मकाट्यावर न्या. आकडा मर्यादेच्या वर गेला, तर जे उतरवायचं ते तिथेच उतरवा. पाणी, औषधाची पेटी आणि जादा चाक सोडून. जय हिंद.