स्थानक-संकेत

स्थानक-संकेत : रेल्वे स्थानकाच्या नावाऐवजी वापरली जाणारी, बहुधा एक ते चार रोमन अक्षरांची खूण. बोलीत ‘स्टेशन कोड’. तिकीट, आरक्षण-तक्ता, वेळापत्रक आणि मालगाड्यांचे कागद या सगळ्यांवर ती आढळते. छत्तीसगडमध्ये दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान, शिवनाथ नदीच्या पश्चिमेस असलेल्या रसमडा (हिंदी लेखन : रसमड़ा) या स्थानकाचा संकेत आर-एस-एम असा आहे. औद्योगिक वसाहतीमुळे हे गाव भिलाई परिसरात ओळखीचे आहे. रेल्वेच्या हिशेबात मात्र ते दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडते.

या पद्धतीचे मूळ तारयंत्रात आहे. नागपूर-राजनांदगाव हा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला आणि पुढे रायपूर-बिलासपूरकडे नेला. त्या काळी एका स्थानकाने दुसऱ्याला हाक मारायची ती तारेवरून, आणि प्रत्येक अक्षराचे ठिपके-रेघा तारबाबूला हाताने ठोकाव्या लागत. जितकी अक्षरे कमी तितके श्रम कमी, हा सरळ व्यवहार होता. त्यामुळे काही मोठ्या स्थानकांच्या वाट्याला एकच अक्षर आले : रायपूर आर, गोंदिया जी, जालना जे. अकोला (ए-के), वर्धा (डब्ल्यू-आर) आणि बडनेरा (बी-डी) यांना दोन-दोन मिळाली.

एकच अक्षर अनेकांना हवे असले की काय होते, ते याच मार्गावर पाहावे. ‘आर’ रायपूरने घेतल्यावर राजनांदगाव आर-जे-एन झाले, रसमडा आर-एस-एम, तर रायगड (छत्तीसगडचे) आर-आय-जी. पहिल्या दोघांतून स्वर गळले आणि नुसती व्यंजने उरली. रायगडात एक स्वर टिकला, आणि तेवढ्याने ‘रिग’ हा खरा इंग्रजी शब्द तयार झाला : जहाजाची दोरखंड-शिडांची मांडणी, किंवा जमिनीत भोक पाडणारे यंत्र. संकेताचा शब्द होणे न होणे हे बहुतेक वेळा स्वरावर ठरते. दुर्गचे नाव मुळातच चार रोमन अक्षरांचे, म्हणून त्याला काटछाट सोसावी लागली नाही. पुणे, रोहा आणि खेड यांचेही तसेच.

असे अपघाती शब्द देशभर विखुरलेले आहेत. कण्णूरचा सी-ए-एन म्हणजे ‘शकणे’ किंवा पत्र्याचा डबा, तिरुनेलवेलीचा टी-ई-एन म्हणजे दहा, बळ्ळारीचा बी-ए-वाय म्हणजे उपसागर (आणि गाव समुद्रापासून कोसो दूर), अर्सीकेरेचा ए-एस-के म्हणजे विचारणे, अराकूचा ए-आर-के म्हणजे नोहाची नौका. बरेली बी-ई, म्हणजे ‘असणे’. याहून तत्त्वज्ञ संकेत सापडणे कठीण. महाराष्ट्रात पेणचा पी-ई-एन म्हणजे लेखणी. गाव प्रसिद्ध आहे ते गणेशमूर्तींसाठी. दिवा जंक्शनचा डी-आय-व्ही-ए इंग्रजी वाचकाला नामवंत गायिकेची आठवण करून देतो. या अर्थांचा गावांशी संबंध जोडणे व्यर्थ आहे. नियमाला सुंदर अपवाद कन्याकुमारीचा : सी-ए-पी-ई म्हणजे भूशिर. तिथे शब्द आणि जागा जुळतात, कारण संकेत ‘केप कोमोरिन’ या जुन्या नावावरूनच आला.

जुनी नावे संकेतांत अशी टिकून राहतात. कॅननोरचे कण्णूर झाले, तिनेवेल्लीचे तिरुनेलवेली झाले, तरी अक्षरे तीच राहिली. उलट मुंबईत २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात ‘महाराज’ आले आणि सी-एस-टी-एम चे सी-एस-एम-टी झाले. संकेत बदलणे म्हणजे आरक्षणाची संगणक-प्रणाली, तक्ते आणि लोकांची सवय या सगळ्यांना एकदम हात घालणे, म्हणून प्रत्येक नामांतरानंतर ते होतेच असे नाही.

क्वचित संकेतच गावाचे नाव बनतो. भिलाईच्या मार्शलिंग यार्डाचा बी-एम-वाय तिथल्या लोकांच्या तोंडी इतका रुळला आहे, की शेजारच्या वस्तीला ‘बीएमवाय चरोदा’ म्हणतात. मराठी प्रवाशाने मात्र भिलाईचे तिकीट काढताना एवढे पाहावे : भिलाई नावाची स्थानके तीन आहेत. भिलाई बी-आय-ए, भिलाई पॉवर हाऊस बी-पी-एच-बी आणि भिलाई नगर बी-क्यू-आर. नावावर विसंबू नये, अक्षरे तपासावीत.