ठिणगीचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांत, वेदगंगेच्या खोऱ्यांत मुरगूड वसलें आहे. अशा नदीकांठच्या मळ्यांना वीज येण्यापूर्वीं डिझेल इंजिनांनीं पाणी पाजलें. पुढें गांवच्या रस्त्यांवर पेट्रोलच्या स्कुटरी आणि मोटारी धावूं लागल्या. हीं दोन्ही इंजिनें एकाच कुळांतलीं. पण त्यांच्या स्वभावांत मोठा भेद आहे. डिझेल इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. पेट्रोलच्या इंजिनास मात्र दर वेळीं ठिणगी द्यावी लागते. ती देणारी बोटाएवढी वस्तु म्हणजे स्पार्क प्लग. ही ठिणगी माणसाच्या हातीं कशी आली हें समजलें, म्हणजे प्लग केव्हां बदलावा या व्यवहारी प्रश्नाचें उत्तरहि सांपडतें.

१८६० सालीं पॅरिस येथें एतिएन लेन्वार यानें वायूवर चालणारें इंजिन तयार केलें. त्यांत चिनी मातीचें आवरण असलेल्या प्लगनें ठिणगी पाडण्याची योजना होती. कल्पना बरोबर होती. भरंवशाची वीज मात्र नव्हती. म्हणूनच १८८६ च्या सुमारास मोटारगाडी जन्मास आली, तेव्हांहि यंत्रज्ञांचें एकमत नव्हतें. कार्ल बेंझ यानें विजेचा मार्ग धरला, तर गोटलीब डाइमलर यानें बाहेरून ज्योतीनें तापविलेल्या नळीनें पेट्रोल पेटविलें. नळीला पेटण्याची वेळ नेमकी साधतां येत नसे, आणि उघड्या ज्योतीमुळें आगीचें भय असे. १९०२ मध्यें जर्मनींतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड या तंत्रज्ञानें उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. तेथून या वादाचा निकाल लागत गेला.

प्लगची रचना तेव्हांपासून मूलतः तीच आहे. मध्यें धातूची कांडी, तिच्याभोंवतीं वीज अडविणारें पांढरें आवरण, बाहेर आटे पाडलेलें पोलादी कवच आणि कवचाचें एक वांकडें टोंक. कांडी व टोंक यांमध्यें पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट असते. बॅटरीची १२ व्होल्टची वीज कॉइलमध्यें कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढते, आणि ती फट ओलांडतांना ठिणगी पडते. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. दर ठिणगीबरोबर धातु कणाकणानें झिजतो, फट रुंदावते, ती ओलांडण्यास अधिक दाब लागतो, आणि अखेर एखादी ठिणगी चुकते. शिवाय टोंक फार थंड राहिलें तर त्यावर काजळी धरते. फार तापलें तर पेट्रोल वेळेआधींच पेटतें. म्हणून ज्या इंजिनास जो प्लग नेमला असेल, तोच बसवावा.

भारतांत १९५१ सालीं बंगळूर येथें मायको कंपनी स्थापन झाली, आणि त्या दशकांत प्लग येथेंच बनूं लागले. पण मराठी घरास प्लगची खरी ओळख करून दिली ती पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरनें. १९७२ सालीं आलेली चेतक टू-स्ट्रोक होती. तिच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, आणि त्या तेलाची काजळी प्लगवर बसे. स्कूटर कलती करून कितीहि किका मारल्या तरी अशा वेळीं ती दाद देत नसे. मग प्लगपाना निघे, टोंक पॉलिश पेपरनें घासलें जाई, आणि डिकींतला जादा प्लग उपयोगीं पडे. पुढें २००३ मध्यें याच कंपनीनें पल्सर मोटारसायकलच्या एकाच सिलिंडरांत दोन प्लग बसविले. दोहों बाजूंनीं पेटल्यामुळें पेट्रोल लवकर व पूर्ण जळूं लागलें.

प्लगचें टोंक इंजिनाची प्रकृति सांगतें. फिकट तपकिरी वा राखाडी रंग हें आरोग्याचें लक्षण होय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. ओला तेलकटपणा म्हणजे ऑइल आंत शिरत आहे. पांढरें, फोड आलेलें टोंक म्हणजे इंजिन फाजील तापत आहे. नुसता प्लग बदलून हे दोष जात नाहींत. साधा निकेलचा प्लग मोटारींत सामान्यतः ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतो, इरिडियमचा सुमारें १ लाखापर्यंत. तरी गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. सर्व प्लग एकदम बदलावे. इंजिन थंड असतां ते प्रथम हातानें फिरवून बसवावे, मग पान्यानें बेतानें आवळावे. नाहीं तर ॲल्युमिनियमच्या हेडांतील आटे जातात.

हल्लीं प्लग कॉइलखालीं झांकलेला असतो. तो वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं. परंतु ठिणगी चुकली कीं न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें आणि तें महागडें यंत्र निकामी करतें. कांहीं शेंकड्यांची बचत हजारोंवर जाते, आणि विषारी धूर सर्वांच्या श्वासांत येतो. २०२० मध्यें चेतक विजेवर चालणारी होऊन परत आली. तिला प्लगच नाहीं. तथापि पेट्रोलच्या असंख्य गाड्या अद्याप रस्त्यांवर आहेत, आणि त्यांचा प्राण त्या पाऊण मिलिमीटरच्या फटींतच आहे. गाडी सकाळीं सुरू होण्यास कुरकुरूं लागली, चढावर अडखळूं लागली किंवा पेट्रोल अधिक पिऊं लागली, तर प्रथम प्लग काढून पाहावा.